कुसळं

कँडीहून निघालो तेव्हा बसमध्ये आम्ही चौघीच.
बाकीच्या अठरा जणी दंतधातूचं दर्शन झाल्यावर
मसाल्यांच्या दुकानात शिरल्या.
मंजुळा रामटेके म्हणाली, डोंगर काय पाहाचे वं,
गुडघे काय उधार आणले का?

सुनिमल ड्रायव्हरशेजारी उलटा बसलेला, तोंड आमच्याकडे.
हिंदी त्याची सिनेमातली,
साधा पूल दाखवतानाही बदला घेतल्यासारखी.
"आज मोठा रस्ता नाही," तो म्हणाला,
"आज जिकडे कुणी जात नाही, तिकडे."

खरंच कुणी नव्हतं.
मोठ्या झाडांच्या पायाशी वेलदोड्याची झुडपं,
पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेलं भात,
एक शाळा, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा,
आणि धुकं,
ते आत येऊन बसलं रिकाम्या अठरा सीटांवर.

उतरताना त्यानं साबण दिला. मोज्यांना चोळा. जळवा.
शेवंता किंचाळली. मी नाही.
तीस वर्षं मेयोत सिस्टर होते,
रक्त पिणारे पुष्कळ पाहिले. हे त्यातले गरीब.

घोट्यावरची एक त्यानं लिंबू पिळून सोडवली
आणि मला गुंतवून ठेवायला शब्द मोजले:
कन म्हणजे कान. दत म्हणजे दात. अत म्हणजे हात.
"आणि पाय?"
"ककुल."
पायापाशी येऊन वाट वेगळी झाली,
आम्ही दोघं हसलो.

मग त्यानं विचारलं, "अक्का, तुमच्या गावात डोंगर?"
आहे ना, म्हटलं.
केवढा?
मी हात इतका वर नेला
की बांगडी कोपरापर्यंत घसरली.
"धुकं?"
असतं. डिसेंबरात.
हे अगदीच खोटं नव्हतं.

ऑक्टोबरात तो आला, आईला घेऊन, दीक्षाभूमीला.
तीन दिवस गर्दीत गेले.
चौथ्या दिवशी सकाळी दारात: "अक्का, डोंगर."

अश्वघोषनं ऑटो काढली.
"मावशे, डोंगर कोणता वं?"
चूप बस. टीव्ही टॉवरकडे घे.

सेमिनरी हिल्स मी रोज चढते, शुगरची गोळी घेऊन.
अकरा मिनिटं. परतायला नऊ.
मुरूम, साग, किडीनं जाळी केलेली पानं,
आणि ऑक्टोबरचं ऊन, सरकारी नोटिशीसारखं,
सगळ्यांना सारखंच.

सुनिमल सवयीनं पुढे झाला,
सवयीनं उलटा चालू लागला, तोंड आमच्याकडे.
पहिल्याच वळणावर थांबला. "इथे श्वास घ्या."
कुणालाच धाप लागली नव्हती. आम्ही घेतला.
मग एका काळ्या दगडाला हात लावून उभा राहिला,
मग सागाचं पान चुरगळून तळवा लाल करून पाहिला,
आईलाही दाखवला.
तिनं काहीतरी विचारलं, अजून किती, असंच असावं.
त्याचं उत्तर फार लांब होतं.
माझ्या अकरा मिनिटांचा त्यानं तास केला.

वर फुटाळ्याचा एक तुकडा दिसतो,
बाकी टाक्या, गच्च्या, विमानतळाकडे उतरणारं काहीतरी.
मी सांगणारच होते, बाबा, मी थोडं वाढवून—
तो म्हणाला, "धुकं डिसेंबरात, ना?"

उतरल्यावर मी वाकून त्याचे मोजे तपासले.
कशाला, कोण जाणे. जळू कुठली इथं.
कुसळं होती.
त्याच्या आईच्या पांढऱ्या साडीचा काठ तर
कुसळांनी भरून जड झालेला.

दोघी दगडावर बसलो, एकेक काढत.
तिची बोटं माझ्यापेक्षा चलाख.
एकदा मी तिचा हात धरला आणि म्हटलं, अत.
तिनं मान हलवली,
माझा उच्चार दुरुस्त केला, दोनदा,
आणि पुढचं कुसळ धरलं.

रस्त्यावर अश्वघोष हॉर्न वाजवत होता.